ठोकळ्याचं पुस्तक

"गाडी विकून टाका हो बाई," दुकानदार म्हणाला. "पुस्तक कसलं घेताय?"

मी त्याला सल्ला विचारायला गेले नव्हते. दुकान जुन्या पुस्तकांचं, बाहेरच्या पाटीवर 'यंत्रे व वाहने' असं ठसठशीत लिहिलेलं, म्हणून आत शिरले होते. पण हल्ली मला भेटणारं प्रत्येक माणूस सल्लागार झालंय. डॉक्टर सांगतो, शेजारीण सांगते, गॅरेजवाला सांगतो, आमचे धाकटे दीर तर उठल्या उठल्या फोन करून सांगतात. सगळ्यांचं सांगणं एकच, की आता सोडून द्या. ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

"काका," मी म्हटलं, "गाडी विकायची असती तर गाडीबाजारात गेले असते. दुरुस्तीचं पुस्तक आहे का तेवढं सांगा. नसेल तर दुसरं दुकान बघते."

त्याने नाक मुरडलं, पण शिडी ओढून वरच्या फळीकडे चढला. तिथे एकच स्टूल होतं, ते मी सोबत आलेल्या आमच्या यांना दिलं. हे काठी गुडघ्यांत धरून बसले आणि दुकानदाराच्या पाठीकडे बघत म्हणाले, "बघू."

"काय म्हणतात?" दुकानदाराने वरूनच मला विचारलं.

"त्यांना विचारा की. ऐकू येतं त्यांना."

त्याने विचारलं नाही. खाली मान घालून पुस्तकांवरची धूळ झटकत राहिला.

ठोकळा म्हणजे आमची गाडी. बंद डब्याची, चौकोनी, तीन माणसं बसतील असा सोफा उभाच्या उभा आत जाईल एवढी उंच. रंग एकेकाळी निळा होता असं म्हणायचं. आमचा धंदा सोफे-खुर्च्या नव्याने भरून द्यायचा. हे गाडी घेऊन जायचे, गिऱ्हाइकाचा सोफा आणायचे, मी तो उसवायचे, खोळी बेतून शिवायचे, भरायचं काम दोघांचं, आणि परत पोचवायला हे. ठोकळा अडून बसला तर हेच त्याच्याखाली शिरायचे. गॅरेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुठला नट कुठे, कुठली वायर कुठून, सगळं यांच्या डोक्यात होतं.

मग त्या डोक्यातच रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे सगळं जाऊन एक शब्द उरला, "बघू." चहा हवा असला की बघू, नको असला की बघू, राग आला की तीनदा बघू. पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा छाटणारा माणूस. वाचताही येईना. पेपर हातात दिला तर सुलटा धरतात, ओळींवरून नजर फिरवतात, आणि मग घडी घालून माझ्याकडे देतात. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, वाट बंद झालीय. मला ते पटलं. बाकी कोणाला पटलेलं दिसलं नाही, कारण लोक यांच्यासमोरच यांच्याबद्दल बोलायला लागले, जसं काही खुर्चीत कोणी बसलेलंच नाही.

त्यात ठोकळा तपासणीत नापास झाला. मागचे ब्रेक कमजोर. दुरुस्त करून पुन्हा दाखवा, नाहीतर रस्त्यावर आणायची नाही, असं सांगून तारीख दिली. गॅरेजवाल्याने आत डोकावून बघायचे कष्टही घेतले नाहीत. "या गाडीचं आता कोणी काम करत नाही," म्हणाला. आमच्या धाकट्या भावजींचं पडद्यांचं मोठं दुकान आहे. त्यांनी लगेच बेत आखून टाकला. ठोकळा भंगारात द्यायचा, आमचं वर्कशॉप बंद करायचं, मी त्यांच्या दुकानात मशीनवर बसायचं, आणि दादाची खुर्ची मागच्या गोदामात ठेवायची, तिथे पंखा आहे. माणूस वाईट नाही हो. पण त्या पंख्याखाली हे दिवसभर भिंतीकडे बघत बसलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी ठरवलं की तसं होऊ द्यायचं नाही. ठोकळा गेला तर हे गेले. मी चालवायला शिकलेली आहे, पाना धरायला लागेल तो मी धरीन. फक्त कुठला नट कुठे ते सांगणारं काहीतरी हवं होतं.

तर दुकानदाराने तीन पुस्तकं काढून टेबलावर आपटली. तिन्ही आमच्याच गाडीची.

पहिलं कंपनीने काढलेलं, जाडजूड. "हे अस्सल," तो म्हणाला. मी ब्रेकचं प्रकरण काढलं. प्रत्येक पानावर 'विशेष अवजार क्रमांक अमुक वापरावे'. ती अवजारं कंपनीच्या केंद्रातच मिळायची आणि ती केंद्रं कधीच बंद पडली. माझ्याकडे जॅक, पाने, पक्कड आणि हातोडी. दुसरं पुस्तक पातळ, गुळगुळीत, सोप्या भाषेतलं. त्यात आधी दोन पानं तुम्हाला धीर द्यायचा आणि मग सांगायचं की हे काम जाणकाराकडून करून घ्या. जिथे करायला सांगितलं होतं तिथेही शेवटी एकच ओळ, 'जसे काढले त्याच्या उलट क्रमाने बसवा'. हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणा. आयुष्यात एक उशी तरी उसवून परत भरलीय का त्याने? निघताना निघतं सगळंच. बसताना काय रडवतं ते आम्हाला विचारा.

तिसऱ्यावर काळ्या बोटांचे ठसे. मी उघडलं तर ते टेबलावर सपाट पडून राहिलं, हात काढला तरी मिटलं नाही. कामाच्या माणसाला ही गोष्ट फार मोठी असते. आणि आत फोटो, पानापानावर फोटो. कोणाचे तरी ग्रीस माखलेले दोन हात, एकेक पायरी करून दाखवतायत. खाली मजकूर होता, पण तो कुठल्या भाषेतला हे मलाही कळेना आणि दुकानदारालाही. अक्षरंसुद्धा कधी न पाहिलेली.

"ते चुकून वर आलं," दुकानदार म्हणाला. "त्याचा काही उपयोग नाही. कोणीतरी परदेशातून आणलेलं असणार. रद्दीत टाकायचंय."

"द्या इकडे."

मी आधीची दोन पुस्तकं यांच्या मांडीवर ठेवून पाहिली होती. पहिलं यांनी तसंच मिटलं. दुसरं उघडलंही नाही. तिसरं ठेवलं, आणि यांचा डावा हात पानं उलटायला लागला. भरभर. मग थांबला. एका फोटोवर यांनी बोट टेकवलं, माझ्याकडे पाहिलं, पुढचं पान उलटलं, पुन्हा बोट टेकवलं, आणि काहीतरी जुनी खोडी आठवल्यासारखे हसले. "बघू," म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस असा हसला नव्हता.

"अहो बाई, एक अक्षर वाचता येणार नाही तुम्हाला," तो म्हणाला. "मोबाईलवर व्हिडिओ बघा त्यापेक्षा."

व्हिडिओ मी दाखवून चुकले होते. त्यातला माणूस अखंड बोलतो, चित्र पळतं, हे बोट दाखवेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. चिडून यांनी मोबाईल पलंगावर फेकला होता.

"काका, यांना आता आपली भाषासुद्धा वाचता येत नाही," मी म्हटलं. "मग या पुस्तकाने वेगळं काय बिघडतंय?"

"पण तुम्हाला येते ना वाचता?"

"म्हणूनच ती दोन नकोत."

त्याला ते समजलं नाही आणि मी समजावत बसले नाही. वाचता येणारं पुस्तक घरी नेलं असतं तर काय झालं असतं? मी वाचणार, मी ठरवणार, मी पाना फिरवणार, आणि हे बाजूला बसून बघणार. गोदामातल्या पंख्याखाली बसले काय आणि तिथे काय. या पुस्तकापुढे मी ठार अडाणी होते. याचा उलगडा करून देणारं घरात एकच माणूस होतं. मी पुस्तक पिशवीत घातलं, दुकानदाराला वाचायला सोपं असेल असं एक तोंड केलं आणि यांना हाताला धरून बाहेर आणलं.

काम सुरू झालं. ठोकळा वर्कशॉपच्या दारात, मागे जॅक, मी जमिनीवर जाजम टाकून, आणि हे एका भरलेल्या उशीवर पुस्तक उघडून. फोटो दाखवायचे, मी तसं करायचं. चुकलं की काठीने ड्रमवर टकटक. बरोबर आलं की पान उलटायचं. चाक काढलं की आत लोखंडी ड्रम, ड्रमच्या आत वाकवलेले दोन ब्रेक शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, आणि शूंच्या मध्ये बोटाएवढी एक, स्क्रूसारख्या आट्यांची दांडी. शू झिजतील तशी ही दांडी आपोआप लांबत जाते आणि ब्रेक घट्ट राहतो. यातलं मला आधी काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं परत एका कामावर होतो आणि मी मनातल्या मनात सगळ्या सल्लागारांना वाकुल्या दाखवत होते.

एक चाक उघडल्यावर मी दुसरं उघडायला घेतलं. आमच्या धंद्यात असंच करतात. सोफ्याचे दोन्ही हात एकदम उसवायचे, सगळे तुकडे एका चादरीत टाकायचे, मग जोडी जोडी लावून बेतायचे. एक हात आज आणि एक उद्या केला तर जोड कधी सारखी येत नाही. म्हणून दोन्ही चाकांचं सगळं काढलं, एकाच परातीत घातलं आणि रॉकेलमध्ये धुवायला बसले.

यांनी काठी आपटली. "बघू. बघू. बघू."

"अहो, झालंच."

पुन्हा काठी. परातीवर. एक स्प्रिंग उडून गाडीखाली गेली. मी घामाघूम झालेले, हात रॉकेलने चरचरतायत, तारीख डोक्यावर आलेली. मी यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "दमलात तुम्ही," म्हटलं. "आत जाऊन पडा. उगीच मध्ये मध्ये करू नका. मला कळतंय काय करायचं ते."

हे उठून आत गेले. नंतर बाहेर आले, उशीवर बसले, पण पुस्तकाला हात लावला नाही. मी फोटो बघून बघून, झिजलेल्या शूंच्या जागी नवे घालून, दोन्ही बाजू जोडल्या. ड्रम बसला, चाक बसलं, ब्रेक दाबला तर पाय खाली जाईना. झकास. मला वाटलं, जमलं बाई.

तपासणीच्या दिवशी सकाळी भावजी आले, सोबत भंगारवाला. मी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, किल्ली हातात घेऊन उभी. "वहिनी, हट्ट पुरे," भावजी म्हणाले. "नापास होणार, दंड व्हायचा वर. हे गृहस्थ आलेत, आजच्या आज ओढून नेतील. दादाची व्यवस्था मी केलीय म्हटलं ना."

"पास झाली तर?"

"आणि वाटेत काही झालं तर? तुम्ही मेकॅनिक कधीपासून झालात?"

"दुरुस्ती यांनी केलीय. मी फक्त हात लावलेत."

भावजींनी भंगारवाल्याकडे असं पाहिलं, की मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी तडक गाडीकडे निघाले. आणि बघते तर हे पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसलेले. पाय पसरून. मांडीवर पुस्तक.

"अहो, उठा. उशीर होतोय."

हलले नाहीत. मी हाताला धरलं, तर हात झिडकारला. "बघू," म्हणाले, हळू आवाजात. रागाचं तीनदा नव्हतं ते.

"बघा," भावजी म्हणाले. "मी काय सांगत होतो? त्याला काय कळतंय आता? गाडी निघालीय की उभी आहे, हेही कळत नाही. चला हो, जरा धरा, उचलून बाजूला घेऊ."

भंगारवाला पुढे झाला. दोघांनी काखेत हात घातले. यांनी डाव्या हाताने चाक गच्च धरलं, दात आवळले, आणि तोंडातून शब्द नाही, नुसता घोगरा आवाज आला.

"हात काढा," मी म्हटलं. "दोघंही. माझ्या नवऱ्याला कोणी हात लावायचा नाही."

ते मागे सरले. मी यांच्यासमोर बसले, स्वच्छ कपड्यांनिशी, धुळीत. आणि तेव्हा मला दिसलं की मी परातीपाशी जे बोलले होते तेच भावजी आत्ता बोलले होते. शब्द वेगळे, एवढंच. सगळ्या जगाशी भांडून मी या माणसाला बोलता करणारं पुस्तक आणलं, आणि तो बोलला तेव्हा पुस्तक हिसकावून घेतलं. मला माझीच लाज वाटली.

"चुकले," मी म्हटलं. "दाखवा. काय ते दाखवा."

यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. पान आधीच काढून ठेवलेलं. ते ग्रीस माखलेले दोन हात, तळवे वर, आणि दोन्ही तळव्यांवर एकेक दांडी. दोन्ही अगदी एकसारख्या. मी हा फोटो पाहिला होता आणि दोन दांड्या असतात एवढाच अर्थ घेऊन पुढे गेले होते. यांनी एका दांडीवर बोट ठेवून ते उजवीकडे फिरवलं. दुसरीवर ठेवलं आणि डावीकडे फिरवलं. मग पहिलीवरून बोट उचलून दुसऱ्या तळव्यावर नेलं, दुसरीवरून पहिल्या तळव्यावर, आणि माझ्याकडे बघत राहिले.

दिसायला सारख्या, पण एकीचे आटे उजवे, दुसरीचे डावे. आणि मी दोन्ही एकाच परातीत घातल्या होत्या.

मी जॅक लावला. भावजी म्हणत होते, "वहिनी, अहो वहिनी, आता हे काय," त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. डावं चाक काढलं, ड्रम ठोकून काढला, दांडीचं दातेरी चाक बोटाने फिरवून पाहिलं. लांबायच्या ऐवजी दांडी आखडत होती.

भंगारवाला वाकून बघत होता. आयुष्यभर गाड्या फोडलेला माणूस. "अदलाबदल झालीय," तो म्हणाला. "तपासणीत पास झाली असती हो. मग चालवाल तसा ब्रेक सैल पडत गेला असता. एखाद्या उतारावर कळलं असतं." त्याने यांच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. मग भावजींना म्हणाला, "साहेब, ही गाडी मी नेत नाही. हिचा मालक जागेवर आहे." आणि हात झटकून चालायला लागला.

भावजी तिथेच उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात माझ्यासाठी आणलेली दुकानाची किल्ली. चेहरा पांढराफटक पडलेला, कारण सोफा आणायला अधूनमधून त्यांचा मुलगाही ठोकळ्यातून जायचा.

"वहिनी," ते म्हणाले, "दादाला विचारा, की..."

"मी का विचारू? समोर बसलेत. तुमचा सख्खा भाऊ आहे. तुम्ही विचारा."

दुपारी ठोकळा पास झाला आणि संध्याकाळी मी एक सोफा आणलासुद्धा, पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. भावजी खाली बसले. किती महिन्यांनी ते यांच्या डोळ्यांच्या उंचीला आले असतील कोण जाणे. "दादा," म्हणाले. "दादा, गाडी ठेवायची का?"

यांनी भावाकडे पाहिलं. मग जाजमावरून चाकाचा पाना उचलला, त्यांच्या हातातली किल्ली काढून बाजूला ठेवली आणि तिथे पाना दिला. उजवं चाक अजून उघडायचं राहिलं होतं, त्याकडे काठी केली.

भावजींनी बाह्या वर सारल्या. पहिलाच नट ते उलटा फिरवायला लागले. यांनी त्यांच्या मनगटावर टपली मारली आणि बोटाने दिशा दाखवली. भावजींनी निमूटपणे पाना फिरवून धरला.